शेलूबाजारची बावन्न मिनिटं

चाकण,
७ एप्रिल २०२४

प्रिय राजपाल मामा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आईमार्फत निरोप दिला की तो तुमच्यापर्यंत पोचेतो वेगळाच झालेला असतो, म्हणून पत्र. तुम्ही आईला विचारलंत म्हणे, की रत्ना पाच वर्षं एकाच गाडीवर काय करते? इंजिनीअर आहे की मूर्ती घडवते?

ऐका तर मग. आमची कंपनी टेम्पो आणि घरगुती गाड्या विकून मोठी झाली. आता तिला दोन सीटची, पोट जमिनीला टेकवून पळणारी महागडी गाडी काढायची हौस आली आहे. आधी चित्रं झाली. मग खऱ्या आकाराची मातीची गाडी. डिझाईनवाले महिनोन्‌महिने ती पात्यानं तासत बसले होते. मग एका जुन्या गाडीच्या पोटात नवं इंजिन कोंबून ती पळवली. अशा गाडीला आमच्यात म्यूल म्हणतात, म्हणजे खेचर. त्यानंतर कुठे खरे नमुने तयार झाले. यातल्या प्रत्येक टप्प्यावर एक फाटक असतं. फाटक म्हणजे बैठक. तिथे पैसेवाले विचारतात, "ही घेणार कोण?" आणि विकणारे सांगतात, "हिच्यामुळे बाकीच्या गाड्या विकल्या जातील." दोनदा तर गाडी फाटकातच मेली. दुसऱ्या वेळी वरच्या साहेबांना खेचरात बसवून कंपनीच्या चाचणीच्या धावपट्टीवर चार फेऱ्या मारल्या, तेव्हा ते हसत बाहेर आले आणि गाडी जगली. पाच वर्षांचे आकडे एकीकडे आणि त्या चार फेऱ्या एकीकडे!

शेवटचं फाटक ३१ मेला आहे. सहा खात्यांनी हिरव्या रकान्यात सह्या केल्या की कारखान्यात साचे बनवायला परवानगी मिळते. ब्रेकच्या रकान्यातली सही माझी आहे, मामा. तुमच्या गॅरेजात पान्हे हातात देणाऱ्या पोरीची. हे कुणाला सांगू नका, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तुमची,
रत्नमाला

*

शेलूबाजार,
१८ एप्रिल २०२४

चि. रत्नमाला हिस,
राजपालमामाचा जय भीम आणि आशीर्वाद.

जयंतीच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा गॅरेजात आणि एकदा घरी चष्मा लावून. दोन्ही वेळा मला एकच प्रश्न पडला. दोनच सीट? मग लेकरं कुठं बसवायची? आमच्या स्टँडवरचा जीपवाला जानराव चौदा माणसं बसवतो आणि पंधराव्याला म्हणतो, "या भाऊ, जागाच जागा हाय."

सहा सह्यांचंही मला समजलं नाही. माझ्याकडे जीप आली की मी ती दुरुस्त करतो, मालकाला बाजूला बसवतो आणि कारंजा रोडनं एक चक्कर मारतो. उतारावर ब्रेक लावला की तो मान हलवतो. झाली मंजुरी. तुमच्याकडे एवढे लोक मान हलवायला लागतात म्हणजे गाडीत काहीतरी बिघाड असणार, असं मला वाटतं. रागावू नको, म्हाताऱ्याची मस्करी आहे.

सही तुझी आहे हे वाचून मात्र छाती भरून आली. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. कुणाला सांगू नको म्हणालीस, पण मामी म्हणजे काही कुणी नाही. तू आजवर कोणत्या परीक्षेत नापास झाली नाहीस. तुझी गाडीही होणार नाही. काही लागलं तर मी आहे.

तुझा मामा,
राजपाल

*

चाकण,
३ मे २०२४

प्रिय मामा,
जय भीम.

बिघाडाचं तुम्ही मस्करीत लिहिलंत, आणि मी इथे महिनाभर त्याच्यावरूनच भांडते आहे.

झालं असं, की डिझाईनवाल्यांनी शेवटच्या क्षणी गाडीचं शेपूट आखूड केलं. दिसते सुंदर, खोटं कशाला बोलू. पण त्यापायी सायलेन्सर पुढे सरकला आणि मागच्या ब्रेकचा पाइप त्याच्या अगदी जवळ आला. धावपट्टीवर काहीच झालं नाही. तिथे वारा लागतो, गाडी पळत असते. मी म्हटलं, मला ती वैशाखाच्या उन्हात, ट्रॅक्टरांच्या मागे, दर दोन मिनिटांना ब्रेक लावत चालवून हवी. मग वीस मिनिटं उन्हात बंद उभी हवी, आणि मग पुन्हा चालवून हवी. कारंजा ते मालेगाव, समृद्धीवरून नाही, जुन्या रस्त्यानं.

आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख कर्णिक मॅडम म्हणाल्या, "रत्नमाला, तुझ्या गावाकडचा रस्ता हा आपल्या गिऱ्हाइकाचा रस्ता नाही." मी म्हटलं, "मॅडम, नागपूरचं गिऱ्हाईक पुण्याला येताना शेलूबाजारला चहाला थांबणारच नाही, असं त्याच्याकडून लिहून घेणार आहोत का?" सगळे हसले. मॅडम नाही हसल्या, पण चार दिवसांची परवानगी दिली. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात गाडी उभी करायची आहे, त्यामुळे एक दिवस जास्त मिळणार नाही.

गाडी ९ मेला तिकडे येईल. अंगावर काळ्यापांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला असेल, आकार कळू नये म्हणून. चालवणारा सेवादास राठोड, मानोऱ्याजवळच्या तांड्याचा, आमचा सगळ्यात भरवशाचा टेस्ट ड्रायव्हर. गाडीला हात फक्त त्याचा. आत एक यंत्र आहे, ते ब्रेकची उष्णता क्षणाक्षणाला टिपतं. तुम्ही पाहूनही न पाहिल्यासारखं करा. ओळखसुद्धा दाखवू नका, माझी शपथ आहे.

तुमची,
रत्नमाला

*

चाकण,
१७ मे २०२४

प्रिय मामा,
जय भीम, जय भीम, जय भीम!

गाडी पास झाली! चार दिवस, त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, सहाशेच्या वर वेळा कडक ब्रेक आणि सेवादासच्या अहवालात एक तक्रार नाही. पहिल्या दिवशी दुपारी उष्णतेचा एक आकडा एकदम वर उसळलेला दिसतो. त्यानंतर यंत्र बावन्न मिनिटं बंद आहे. सेवादासनं तिथे "शेलूबाजार, चहा" असं लिहिलंय. पुढे तीन दिवस सगळे आकडे शहाण्या मुलासारखे खाली. म्हणजे तो उसळलेला आकडा सेन्सरचा दोष असणार. मी तशी नोंद केली आणि तो खोडून टाकला.

मॅडमनी काल सगळ्यांसमोर पाठ थोपटली. डिझाईनवाल्यांनी पेढे आणले. मीच त्यांच्या शेपटाच्या मागे लागले होते, तरी मला दोन दिले. आता ३१ तारखेला हिरव्या रकान्यात सही केली की मी चार दिवस सुट्टी घेऊन येणार आहे. मामीला सांगा, ज्वारीची भाकर आणि ठेचा.

तुम्ही गाडी पाहिलीत का? कशी वाटली? शपथ मोडून सांगा.

तुमची,
रत्नमाला

*

शेलूबाजार,
२१ मे २०२४

चि. रत्नमाला हिस,
मामाचा आशीर्वाद.

तू पास झालीस हे वाचून मामीनं साखर वाटली. कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही. परवा बुद्ध पौर्णिमेची खीर आहे, तेव्हा तुझ्या नावानं दोन वाट्या जास्त वाटू.

आता शपथ मोडतो. मी गाडी नुसती पाहिली नाही. तुझा सेवादास ९ तारखेला दुपारी स्टँडच्या अलीकडे उभा राहिला तेव्हा घामानं ओला झाला होता. मी तुझा मामा हे सांगताच मला बाजूला घेऊन कानात ओरडला, "मिस्त्री, ब्रेकच लागून नाही राह्यला. पाय थेट खाली चालला. शेरडं आडवी आली होती, हँडब्रेकवर कशीबशी उभी केली."

मी विचारलं, "कंपनीले सांगतलं काय?"

तो म्हणाला, "सांगतलं तं गाडी नापास. अन् ताईची सही हाय ना त्याच्यावर. ताई महिनाभर भांडली या रस्त्यापायी."

मी म्हटलं, "मंग? मी इथं बसलो असताना माह्या भाचीची गाडी रस्त्यात उभी राह्यते काय?"

गाडी शेडमध्ये घेतली, वर ताडपत्री ओढली. खाली शिरलो तर तू म्हणालीस तेच. ब्रेकचा पाइप सायलेन्सरला इतका खेटून, की मधे दोन बोटंही जाईनात. ब्रेक ऑइल उकळून पाइपात वाफ धरली होती. बॅटरीची वायर काढली, तेव्हा तुझं यंत्रही बंद झालं असेल. ऑइल बदललं, पाइपातली हवा काढली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, मधे थोडी पोकळी ठेवून सायलेन्सर आणि पाइपाच्या मधे तारेनं आवळून बसवला. जीपला मी हेच करतो. एक तासही लागला नाही. सेवादासला म्हटलं, "पुण्याच्या अलीकडं पत्रा काढून टाकजो, नाहीतं तुही नोकरी जाईन." तो पाया पडायला लागला होता, मी पडू दिलं नाही.

गाडी फार देखणी आहे पोरी. आवाज तर मलासुद्धा ऐकू आला. तुझ्या मॅडमला सांग की मिस्त्रीनं मान हलवली.

तुझा मामा,
राजपाल

*

चाकण,
२८ मे २०२४

मामा,

तुमचं पत्र काल मिळालं. हे स्पीड पोस्टनं पाठवते आहे.

तुम्ही हे काय करून बसलात! रात्रभर मला तुमचा राग येत होता. अजूनही आहे, तो लपवत नाही. मामा, ती गाडी पास व्हायला पाठवलीच नव्हती. ती तुमच्याकडे मोडायला पाठवली होती. चार दिवसांत ती कुठे, किती उन्हात, कितव्या ब्रेकला हार मानते हे कळावं म्हणून मी महिनाभर भांडले. ती हरली, बरोबर माझ्या भीतीच्या जागी हरली, आणि तुम्ही तिला उचलून पुढे ढकललंत. आता ज्या गाड्या कारखान्यातून निघतील त्यांच्या खाली तुमचा पत्रा नसेल. कुणीतरी बाई चहा पिऊन निघेल आणि पुढच्या शेरडांना पाय खाली जाईल. तेव्हा तिच्यासाठी शेलूबाजारचा मिस्त्री नसणार.

पण सगळा राग तुमच्यावर काढणं खोटं होईल. आकडा उसळलेला मी पाहिला होता. बावन्न मिनिटांचा चहा कुणी पीत नाही, हेही मला कळत होतं. सेवादासला एक फोन केला असता तर पुरे होतं. नाही केला. मला हिरवं हवं होतं, म्हणून मी "सेन्सरचा दोष" लिहिलं. तुम्ही मायेनं चुकलात. मी हावेनं चुकले, आणि मला तर अशा चुका पकडण्याचाच पगार मिळतो.

आज सेवादासला बाजूला घेऊन विचारलं. त्यानं सगळं कबूल केलं. म्हणाला, "ताई, तुमी म्हणाल तसं." त्याला दोन लेकरं आहेत. मी गप्प राहिले तर आम्हा दोघांच्या नोकऱ्या आणि तिघांची नावं शाबूत राहतात आणि गाडी नोव्हेंबरात प्रदर्शनात झळकते. सारखा तोच विचार मनात येतो. भीती वाटते मामा. पण सही मी करणार नाही. ३१ तारखेला उभी राहून सगळं सांगणार आहे, तुमच्या नावासकट.

रत्नमाला

*

शेलूबाजार,
३१ मे २०२४

चि. रत्नमाला हिस,

पत्र काल संध्याकाळी आलं. आज गॅरेज उघडलं नाही. मामीला म्हटलं, अंगात कणकण आहे.

आधी मला तुझा राग आला. चाळीस वर्षांत माझ्या दुरुस्तीला कुणी चूक म्हटलं नव्हतं. मग दुपारी पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, परीक्षा तुझी आहे. परीक्षा गाडीची होती, आणि उत्तर मी लिहिलं. शाळेत कुणी असं केलं तर गुरुजी दोघांना बाहेर काढतात.

सोबत वेगळा कागद आहे. तो तुझ्या साहेबांना दे. तुझी बैठक आजच आहे, म्हणजे उशीर झाला, पण तरी दे.

"मी राजपाल भगत, राहणार शेलूबाजार, धंदा गाडी दुरुस्ती. दिनांक ९ मे रोजी दुपारी कंपनीच्या गाडीचे ब्रेक पूर्ण गेलेले मी स्वतः पाहिले. मी ऑइल बदलले व पत्रा बसवला. ड्रायव्हर सेवादास यास मीच पत्रा काढून टाकण्यास सांगितले. माझी भाची रत्नमाला हिला यातले काही ठाऊक नव्हते. गाडी माझ्यामुळे पास झाली आहे, तरी तिला पास धरू नये."

खाली सही केली आहे. सहा सह्या कशाला लागतात असं मी विचारलं होतं. ही सातवी धरा.

मामा

*

चाकण,
३ जून २०२४

प्रिय मामा,
जय भीम.

तुमचा कागद आज मिळाला आणि तो मी तसाच मॅडमच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानं वाचला आणि फाईलला लावला.

बैठकीचं सांगते. पाच सह्या झाल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले. बोलताना अडखळले नाही. सगळं सांगून टाकलं. मग डिझाईनचे साहेब म्हणाले, "मिस्त्रीचा पत्राच बसवा की, त्यात काय एवढं?" मी म्हटलं, "बसवू, पण आधी गाडी कशी हरते ते आकड्यांत पाहू. नाहीतर पत्रा केवढा आणि कशाचा, हे कोण ठरवणार?" विक्रीचे साहेब मात्र म्हणाले, ही सगळी कहाणीच आहे. मला पहिल्यापासून आखूड शेपूट नको होतं म्हणून मी गावाकडच्या मामाला पुढे केलंय. पुरावा काय? यंत्र बंद, पत्रा फेकलेला.

शेवटी मॅडमनी निकाल दिला. दुसरी गाडी, तसाच पाइप, तोच रस्ता. येत्या शुक्रवारी, ७ जूनला, पाऊस लागायच्या आत. ड्रायव्हर नवा, यंत्र सीलबंद, बरोबर दुसऱ्या खात्याचा एक इंजिनीअर. ब्रेक गेले तर सही लाल, पाइप नव्यानं बसवायचा आणि प्रदर्शन विसरायचं. गाडी धड परत आली तर मी खोटी. राजीनामा लिहून ठेव, असं मला विक्रीच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलंय. सेवादासला टेस्टवरून काढून यार्डात गाड्या धुवायला लावलंय. मला भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, बरं झालं बोललात, झोप लागून राह्यली." मला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं.

नव्या ड्रायव्हरला आणि त्या इंजिनीअरला तुम्ही कोण ते मुद्दामच सांगितलेलं नाही, आणि ड्रायव्हरवर गाडी धड परत आणायचं दडपण आहे. ब्रेक गेले तर तो जो पहिला मिस्त्री दिसेल त्याच्याकडे जाईल. जुन्या रस्त्यावर तो तुम्हीच आहात. काय करायचं ते मी लिहीत नाही.

तुमची,
रत्नमाला

*

शेलूबाजार,
८ जून २०२४

चि. रत्नमाला हिस,
जय भीम आणि आशीर्वाद.

काल दुपारी पावणेतीनला गाडी आली. तुझ्या स्पीड पोस्टमुळे मी दोन दिवस रस्त्याकडेच तोंड करून बसलो होतो. चष्म्यावाला इंजिनीअर झाडाखाली लॅपटॉप उघडून बसला. वीस मिनिटं गाडी उन्हात उभी होती. मग निघाली, स्टँडपुढच्या स्पीडब्रेकरवर धाडकन आपटली आणि पुढे दीडशे फुटांवर कशीबशी थांबली. समोर जानरावची भरलेली जीप होती. मधे हातभर जागा उरली.

ड्रायव्हर पळत माझ्याकडे आला. नवा पोरगा, ओठ पांढरे पडलेले. म्हणाला, "मिस्त्री, जरा बघता का? हवाच काढून द्या फक्त. साहेब तिकडे फोनवर आहेत तोवर."

मी म्हटलं, "नाही पाह्यत."

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडून सांगितलं. हात जोडले. रत्ना, मला गाडीखालचं सगळं न वाकताच दिसत होतं. पाइप कुठं तापला, हवा कुठं धरली, सगळं. पत्र्याचा तुकडासुद्धा समोरच पडला होता. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

तेवढ्यात चष्म्यावाला आला. त्यानं यंत्र तपासलं, सील पाहिलं, आकडे उतरवून घेतले. मला विचारलं, "तुम्ही हात लावला का?" मी म्हटलं, "नाही." त्यानं तेही लिहिलं, आणि खाली माझी सही घेतली. पाच वाजता मोठा ट्रक मागवला आणि गाडी त्यावर चढवून नेली.

स्टँडवर सगळी गर्दी जमली होती. चाळीस वर्षांत माझ्या दारातून गाडी ट्रकवर चढून गेली नव्हती. जानराव मोठ्यानं म्हणाला, मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाला, "राजपाल मिस्त्रीले काई जमलं नाही बा नव्या गाडीचं."

खरं सांगता येत नव्हतं, तुझ्या कंपनीची गोष्ट. मी म्हटलं, "हो. नाही जमलं."

तुझा मामा,
राजपाल